चौदाव्या दिवशीचे आंबे

बाबा, गेल्या आठवड्यात पुन्हा एक चेक परत आला. आपल्या कारखान्यातल्या कारकुनाने तो बँकेच्या मेमोसकट टेबलावर ठेवला. मी मेमोवरच्या तारखेभोवती लाल पेनने गोल काढला आणि तिसऱ्या दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस धाडली. कारकून म्हणाला, "मॅडम, इतनी जल्दी? पुरानी पार्टी है, पहले एक फोन कर लेतीं." मी म्हटलं, "फोन मेरे बाबा करते थे." तुमचे फोन त्याने कुठे ऐकलेत!

बावीस वर्षं तुम्ही इकडे उत्तरेत, बँकेत क्लिअरिंगच्या टेबलावर काढलीत. खात्यात पुरेशी रक्कम नाही असा शेरा मारून लोकांचे चेक परत करणं हेच तुमचं काम. मग नोकरी सोडून चिनहटला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना टाकलात. चेक परत आला तर काय करायचं, तेही तुम्हीच मला शिकवलंत, महानगर मोहल्ल्यातल्या घरी, ओट्यापाशी आई पोळ्या लाटत असताना. तेव्हाच्या कायद्याने, मेमो हातात पडला की पंधरा दिवसांच्या आत लेखी नोटीस. ती मिळाल्यावर पैसे भरायला त्याला पंधरा दिवस. नाही भरले तर महिन्याच्या आत कोर्ट. एक दिवस चुकला की केस गेली. "बँकेतल्या माणसाला कोण फसवणार गं?" म्हणून वर हसायचात. आई म्हणायची, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." तेव्हा मला तिचाच राग यायचा.

आणि मग तो मलिहाबादचा आंब्याचा व्यापारी. अख्ख्या हंगामाची खोकी त्याने उधारीवर उचलली आणि जूनमध्ये त्याचा चेक परत आला. बारावी झाल्यावर मला पुण्याला फार्मसीला प्रवेश मिळाला होता. फी, होस्टेल, सगळं त्याच पैशांतून भरायचं होतं. नोटीस मी स्वतः टाइप केली, तुम्ही सही केलीत, घडी करून खिशात ठेवलीत. रोज सकाळी मी विचारायची, "टाकली?" रोज तुम्ही म्हणायचात, "उद्या टाकतो. इथली माणसं निराळी असतात, एकदम कागद पाठवला की दुखावतात." भीड भिकेची बहीण, बाबा. ती बहीण तुम्ही घरात आणून बसवलीत.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी तोच दारात उभा. हातात दसहरी आंब्यांची पेटी. पेटी कसली, आपलंच खोकं होतं ते, ज्याचे पैसे त्याने दिले नव्हते! "भाभीजी, बाग का पहला तोड़ है, आप लोग न चखें तो हम कैसे खाएँ?" आई चहा टाकायला उठली. मग तो माझ्याकडे वळून, "बिटिया पूना जाएगी? वाह! फीस की फिक्र मत करना." आणि तुम्हाला, "बस बीस दिन. दिल्ली से पैसा आते ही खुद हाज़िर हो जाऊँगा. चेक दोबारा मत डालिएगा, बदनामी होगी." बदनामी कुणाची, हे तुम्ही विचारलं नाहीत. त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेलात.

वीस दिवस गेले. प्रवेशाची मुदत गेली. दिवाळी गेली. डिसेंबरात चेकची सहा महिन्यांची मुदत संपली आणि तो नुसता कागद उरला. कोर्टात वेगळा दावा लावा म्हटलं तर तुम्हाला तारखांची धास्ती. त्याने आपल्या तोंडाला पानं पुसली, आणि तुम्ही फोनवर त्यालाच सांगत होतात, "नहीं नहीं, कोई जल्दी नहीं, बस याद दिला रहे थे." कोई जल्दी नहीं! माझी सीट गेली होती, बाबा. मी इथेच बीकॉम केलं आणि तुमच्या खोक्यांच्या ढिगात येऊन बसले. तुम्ही गेलात त्या दिवशीही मी रडले ती निम्मी रागानेच.

आता नवी पार्टी आली की अर्धे पैसे आधी घेते, बाकीच्याचा ड्राफ्ट. लोक मला कडक बाई म्हणतात. म्हणोत.

एवढं लिहिलंच आहे तर उरलेलंही लिहिते. हे पत्र जाणार कुठे? तुमच्या ड्रॉवरमध्येच ठेवायचंय, त्या नोटिशीवर. त्या संध्याकाळी त्याला पोचवून तुम्ही घरात आलात, खिशातून नोटीस काढलीत आणि माझ्यासमोर धरलीत. "तुझ्या फीचे पैसे आहेत. तू सांग, सकाळी टाकू का?" मी तिसरा आंबा चोखत होते, रस कोपरापर्यंत आलेला. मी म्हटलं, "जाऊ द्या ना बाबा, किती चांगले आहेत ते." तुम्ही हे पुन्हा कधी बोलून दाखवलं नाहीत, आईपाशीसुद्धा नाही. मी मात्र इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले, की बाबांनी माझं ऐकलं नाही.