घरात फक्त कानडी

धारवाड,
मंगळवार

प्रिय मेधा,

रविवारी तुझा फोन झाल्यापासून तीनदा मोबाईल हातात घेतला आणि खाली ठेवला. फोनवर तू मध्ये काहीतरी विचारशील, मी त्याचं उत्तर देत बसेन आणि सांगायचं ते राहून जाईल. म्हणून लिहिते आहे. राधा सहा महिने शाळेत जाते, वर्गात तिने अजून तोंड उघडलेलं नाही, आणि घरी आली की तुझं डोकं खाते. तिच्या बाई म्हणाल्या, भाषेची अडचण आहे, घरात मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला. तू आणि संजीवने येत्या सोमवारपासून तसं करायचं ठरवलंत. पत्र कुरियरने बंगळूरला दोन दिवसांत पोचतं म्हणतात. सोमवारच्या आत ते तुझ्या हातात पडायला हवं.

आधी वरदचं सांगते. तू दर वेळी विचारतेस आणि मी 'बरा आहे' म्हणते. तो बरा नाही. गोकुळ रोडच्या कारखान्यात अकरा वर्षं तो कॉम्प्युटरवर सुट्या भागांची ड्रॉइंग काढत होता, कुणाशी बोलावं लागत नव्हतं म्हणून टिकला. गेल्या वर्षी मालकांनी चांगल्या मनाने बढती दिली, आता गिऱ्हाइकांकडे जाऊन माप समजून घ्यायचं. पहिल्या दिवशी तो गिऱ्हाइकाच्या गेटपर्यंत गेला आणि त्याच बसने परत आला. त्याला चौदा महिने झाले, तेव्हापासून तो कामावर गेलेला नाही. मी तुला 'घरून काम करतो' असं सांगितलं होतं. दाराची बेल वाजली की तो मागच्या खोलीत जातो, मग तो गॅसवाला असो की शेजारच्या मीनाक्षीबाई. छत्तीस वर्षांचा माझा मुलगा, खोलीत उभा राहून कोण आलं ते ऐकत असतो.

मार्चपासून आम्ही सरकारी मानसोपचार रुग्णालयात जातो. तिथे योगिता मॅडम म्हणून बाई आहेत, तुझ्याहून लहान असतील, कानडीत भराभर बोलतात आणि मध्येच थांबून मला मराठीत विचारतात, 'समजलं ना काकू?' आपल्या घरात प्रत्येकाला एक नाव पडलं होतं, तुला आठवत असेल. वरद लाजाळू, अप्पांना गॅस, आणि माझा काळजीचा स्वभाव. योगिता मॅडमनी पहिल्या महिन्यातच तिन्ही नावं काढून टाकली. वरदला जे आहे ते लोकांच्या नजरेचं भय. चार माणसं आपल्याकडे बघतील, आपण चुकू, हसं होईल, या भीतीने माणूस हळूहळू सगळं सोडत जातो. लहानपणी त्याचंच वेगळं रूप होतं. घरी बोलणारं मूल शाळेत मुकं होतं, मुद्दाम नाही, हट्टाने नाही, घसाच धरला जातो. त्यालाही डॉक्टरी नाव आहे आणि त्यावर उपाय आहे. त्या म्हणाल्या, लवकर ओळखलं तर बरीच मुलं सुटतात. 'लवकर' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांचे उपकार.

अप्पांचा गॅस म्हणजे काय होतं, तेही कळलं. कोर्टात अर्ग्युमेंटला उभं राहायच्या आधी छातीत धडधड, हाताला मुंग्या, आता मरतो असं वाटायचं, आणि पाव तासात सगळं ओसरायचं. चार वेळा ईसीजी काढला, चारही वेळा काही निघालं नाही. हुबळीचे ते म्हातारे डॉक्टर म्हणाले होते, 'वकीलसाहेब, तुमच्या हृदयाला काही झालेलं नाही, झालंय ते खिशाला.' सगळे हसले, अप्पाही. मग त्यांनी हुबळीच्या कोर्टातली कामं घेणंच सोडलं, का ते कुणाला सांगितलं नाही. तो झटका आणि पुन्हा तो येईल ही भीती, दोन्ही मिळून एक आजार असतो. आणि माझा स्वभाव हाही स्वभाव नाही. दूध नासेल का, तुझी बस उलटेल का, पेन्शन थांबेल का, एक काळजी मिटली की दुसरी तयार, वर्षानुवर्षं, छाती आणि मान आवळलेली. एकदा वरदचा तास संपल्यावर योगिता मॅडमनी मला बसवून घेतलं आणि विचारलं, 'काकू, तुम्ही शेवटचं नीट कधी झोपलात?' मला आठवेना. आता मलाही गोळी चालू आहे.

वरदला पायरीपायरीने बाहेर काढायचं, असा उपाय आहे. आधी गेटपर्यंत, मग दुकानापर्यंत, मग एक प्रश्न. गेल्या बुधवारी हुबळीला दुर्गदबैलच्या बाजारात जाऊन एका कापडाच्या दुकानात फक्त टॉवेलची किंमत विचारायची होती. मी समोरच्या हातगाडीपाशी उभी राहिले. चाळीस मिनिटं तो दुकानाबाहेर उभा होता. दुकानदार आतून दोनदा म्हणाला, 'बर्री अण्णा, वळग बर्री,' या, आत या. वरद घामाने भिजला आणि रिक्षात येऊन बसला. घरी आल्यावर मागच्या खोलीतून मला मेसेज पाठवला, 'अक्काला सांग, राधा मामावर गेली असेल तर निदान चित्रं चांगली काढेल.' मी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बसले.

आता त्या वर्षाबद्दल. तू अकरा वर्षांची होतीस, वरद सात. माझ्याच शाळेत, कानडी माध्यमात, दुसरीत. मी चौथीला गणित शिकवायची. वरद वर्गात हजेरीलाही 'ओ' द्यायचा नाही. शिक्षकांच्या खोलीत मला विचारायचे, 'टीचर, निम्म मग माताडूदिल्लेन्री?' तुमचा मुलगा बोलत नाही का हो? विचारण्यात काळजी असायची आणि थोडी मजाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, घरात मराठी बोलता म्हणून पोराला कानडी येत नाही. खरं तर गल्लीतल्या पोरांशी तो आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं कानडी बोलायचा. ते आम्हाला दिसत होतं, तरी आम्ही दिवाळीनंतर नियम केला. घरात फक्त कानडी. मराठीत काही मागितलं तर ऐकू आलंच नाही असं करायचं. तूही करायचीस, तुला तो खेळ वाटायचा. तीन आठवड्यांत वरद घरातही गप्प झाला. पाणी हवं असलं तर स्टुलावर चढून स्वतः घ्यायचा. आम्हाला वाटलं, शिस्त लागली. मग त्याचं अपेंडिक्स फुटलं, हुबळीला ऑपरेशन झालं, तेरा दिवस तिथे होतो. त्यानंतर जवळजवळ वर्षभर तो तुझ्याशीसुद्धा बोलला नाही.

कॉलेजात असताना तू एकदा ताटावरून उठून अप्पांना म्हणालीस, तुमच्या त्या नियमाने याचं वाटोळं झालं. अप्पा खाली मान घालून भात कालवत राहिले. त्यानंतर त्यांच्याशी तू कामापुरतंच बोललीस, ते जाईपर्यंत. मेधा, नियम अप्पांचा नव्हता, माझा होता. ते म्हणाले होते, 'अगं, बोलेल तो, पोराला कशाला छळतेस?' शिक्षकांच्या खोलीत मला मान वर करता येत नव्हती, म्हणून मी ऐकलं नाही. पुढे तू त्यांना दोष दिलास तेव्हा ते मला म्हणाले, राहू दे, एकाशी तरी तिचं नीट राहू दे. मी राहू दिलं. त्यांच्या तेराव्यालाही तुला सांगितलं नाही.

आणि जे त्यांनाही माहीत नव्हतं, त्यासाठी हे पत्र. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं होतं, दुखणं दोन दिवसांचं दिसतंय, मूल काहीच बोललं नाही का? मी म्हणाले, नाही, तो बोलतच नाही. तुम्हा सगळ्यांना हेच माहीत आहे. ते खरं नाही. आदल्या संध्याकाळी मी वह्या तपासत होते. वरद आला आणि मराठीत म्हणाला, आई, पोट दुखतंय. मी मान वर केली नाही. थोड्या वेळाने आला, तेच म्हणाला, मी तेच केलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा बराच वेळ ओठ हलवत उभा राहिला आणि कानडीत एकच शब्द बोलला, 'होट्टी,' पोट. मला वाटलं, जिंकले. मी म्हणाले, 'पूर्ण वाक्य सांग.' तो गेला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याने हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, योगिता मॅडमनाही नाही. काल रात्री मी त्याला म्हणाले, मी अक्काला त्या संध्याकाळचं लिहिणार आहे. तो म्हणाला, 'कुरियरने पाठव, साध्या पोस्टाने उशीर होईल.' मला माफ करायचं की नाही, ते तू सावकाश ठरव. पण राधा कुठल्याही भाषेत काही म्हणाली, अर्धं म्हणाली, तर हातातलं टाकून तिच्याकडे बघ.

तुझीच,
आई