ब्रुनो भाकरी खात नाही

कळंब,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय रुपाली,
सप्रेम जयभीम.

इकडे सगळे बरे आहेत. म्हणजे माणसं बरी आहेत. तुझ्या उर्वशीवहिनीचे गुडघे दुखतात, माझी जीभ चालते, आणि शाळेसमोरचा खड्डा आता वयात आला आहे. फोन सोडून पत्र कायले, असं म्हणशील. फोनवर मला थट्टाच सुचते. तू हसतेस आणि पुढचं सांगायचं राहून जातं.

पुण्याच्या घरमालकाने कुत्रं चालणार नाही म्हटल्यावर तू ब्रुनोला आमच्याकडे सोडलंस, सोबत बिनधान्याच्या खाद्याच्या पिशव्या. कुत्रा मूळचा लांडगा, त्याला गहू-ज्वारी बाधते, असं तुला दुकानदाराने पटवलं होतं. आमचा लांडगा उर्वशीने झाडू उचलला की दिवाणाखाली जातो. तरी आम्ही तुझं ऐकलं. आपल्या गल्लीत कुत्र्याला दारोदार तुकडा टाकायची रीत, म्हणून मी त्याच्या गळ्यात पाटी अडकवली: 'मला भाकरी देऊ नये.' शेजारच्या अकीलाआपा म्हणाल्या, "मास्तर, हे कुत्रं हाये का जावई?" दिवाळीच्या सुट्टीत तू आलीस आणि भाकरी समोर धरून त्याला 'नाही' शिकवलंस. त्याने मान फिरवली की पाठ थोपटायचीस. शिकला बिचारा. आपल्या घरात एकदा सांगून ऐकणारा तो एकटाच.

पावसाळ्यात तो पायऱ्या चढताना मध्येच थांबायला लागला. आम्ही म्हटलं, लठ्ठ झाला. मग एके सकाळी अंगणात पाय दुमडून पडला. यवतमाळच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. तिथे छातीची सोनोग्राफी झाली. हृदय फुगलंय, रक्त ढकलायची ताकद कमी झालीय. डॉक्टरांनी खाद्याची पिशवी मागवून मागची बाजू वाचली. वाटाणा, मसूर, हरभरा.

"असं खाद्य खाणाऱ्या काही कुत्र्यांत हे दिसलंय," ते म्हणाले. "पक्कं कारण अजून कोणालाच माहीत नाही. पण हे आजच बंद करा. काही कुत्री सुधारतात."

"आणि बाकीची?"

ते गोळ्या लिहीत राहिले.

पक्कं कारण माहीत नाही, हे वाक्य पुन्हा वाच. स्वतःला फासावर चढवायची घाई करू नकोस. पिशवी मीही वाचली होती. डाळी बघून वाटलं, पौष्टिक आहे. वरण-भाकरीतली भाकरी काढून आपण त्याला नुसतं वरण वाढतोय, हे पेपरात लिहून जगाच्या चुका काढणाऱ्या तुझ्या भावाला दिसलं नाही.

आता खरी अडचण. डॉक्टरांनी भाताचं नवं खाद्य दिलंय, भाकरीही चालेल म्हणाले. तो तोंड लावत नाही. पाटी काढली, कोंबडीचा रस्सा ओतला, आत गोळी लपवली. उर्वशी ताटलीपाशी बसून विनवते, "खा ना रे बाबू, आता कोनी काई म्हनत नाही." तो तिच्याकडे बघतो, भाकरीकडे बघतो आणि मान फिरवतो. मग पाठ थोपटली जाईल म्हणून थांबतो.

परवा तू त्याला बघायचं म्हणालीस, तेव्हा मी पाठवलेला व्हिडिओ उन्हाळ्यातला होता. मागे आंब्याच्या कोयी पडलेल्या होत्या. तुझ्या लक्षात आलं नाही, की येऊ दिलं नाहीस?

डॉक्टर म्हणतात, या आजारात भूक मरते. मी म्हणतो, भूक आहे, तो तुझी आज्ञा पाळतोय. यावर उर्वशी 'हो' म्हणून ताटली उचलते. एरवी ती मला एकही मुद्दा फुकट देत नाही.

फोनवर तुझा आवाज ऐकवावा, असं मनात आलं. पण तो दाराकडे धावला तर? धावायची त्याला मनाई आहे.

म्हणून तू ये. दसऱ्याची वाट बघू नको. त्याच्यापुढे बस आणि तुझ्या तोंडाने त्याला 'खा' म्हण. त्याने खाल्लं, तर मी बरोबर. नाही खाल्लं, तर डॉक्टर बरोबर. ते कळेल तेव्हा मला त्याच्यासमोर एकटं बसायचं नाही.

यावेळी थट्टा न करणारा,
तुझा धम्मरत्नदादा