तफीदाच्या नावाची मेणबत्ती

थोरल्या तफीदाताईस, कैरोहून धाकट्या मितवल्लीचा सलाम. गुडघे कसे आहेत? (खोटं सांगू नकोस, तुझी सून मला सगळं कळवते.) तिकडची, तांता गावची हवा तुला मानवो. इथे इस्त्रीचं दुकान आणि मी, दोघेही अजून गरम आहोत.

तर ताई, माझ्या हाझिमला मुलगी झाली. आईमागे तू मला वाढवलंस, म्हणून नात झाली की तुझंच नाव, असा मी तुला शब्द दिला होता. पण हाझिमची सासू, इस्मत हानिम, पडली क्लबात पोहायला जाणारी आणि शिंकसुद्धा फ्रेंचमध्ये देणारी बाई. तिचं म्हणणं, तफीदा म्हणजे मुळ्याच्या जुड्या विकणारी वाटते, चांगल्या शाळेचा दरवानसुद्धा आत सोडायचा नाही. तिला हवं होतं तालीन. (मला ते खोकल्याचं औषध वाटतं, आणि मी तसं बोललोही.) आपला इंजिनियर हाझिम मधे बसून सरबत पीत होता. शेवटी सून इंजीनंच तोडगा काढला: सातव्या दिवशी रीतीप्रमाणे नावांच्या मेणबत्त्या लावू, जी शेवटपर्यंत जळेल तिचं नाव.

मी माझी मेणबत्ती आदल्या दिवशीच फ्रीजमध्ये भेंडीखाली ठेवली. (गार मेण हळू जळतं म्हणतात.) इस्मत हानिमनं आणली पॅरिसची, मनगटाएवढी, सुगंधी. बाळाला चाळणीत निजवलं, आमच्या हिनं कानाशी खलबत्ता बडवून "आईचं ऐक, बापाचं ऐकू नकोस" म्हटलं, आणि आजोबाचं तर मुळीच नको, हे पदरचं घातलं. इंजीच्या मैत्रिणीनं सुचवलेल्या 'कार्मा' नावाची मेणबत्ती आधी विझली. माझी नखाएवढी उरली, तालीन मात्र खांबासारखी उभी. आता तुला काय तोंड दाखवू? इतक्यात छतावरचा पंखा फिरला आणि तालीन विझली. माझी सजवलेल्या सुरईच्या आडोशाला होती, ती वाचली. ताई, बायकांच्या आधी मीच आनंदानं किंचाळलो.

तुझा,
मितवल्ली

ता. क. पंख्याचं बटण इस्मत हानिमनंच दाबलं होतं. जिन्यात मला गाठून हळूच म्हणाली, "माझ्या आईचं नावही तफीदाच होतं हो. क्लबात मी जन्मभर तिचं नाव नाझली सांगत आले." आणि रडली. मग मीही रडलो.

आणखी एक. शुक्रवारी तुला आणायला ती आपली गाडी पाठवते आहे. तू मुरवतेस तो खारा मासा डबाभर आण. तिची आई करायची तसा तिला खायचाय. डबा घट्ट बांध, ड्रायव्हर क्लबात सगळं सांगतो.