काठीचा मान आणि हिरवं वर्तुळ

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी गावाहून अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, फोन. म्हणाले, तुझ्या बापाचे गुडघे गेले आता, यंदा जत्रेत मोठी काठी तू उचलायची.

मोठी काठी म्हणजे आमच्या घराचा मान. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी काठीचं बूड कमरेच्या पट्ट्यात अडकवायचं आणि देवळापासून वेशीपर्यंत चालायचं. वाटेत बूड जमिनीला टेकलं की मान घरातून गेला. कायमचा. मग तो चंद्रप्पाच्या घरात जाणार. चंद्रप्पा माझा चुलत भाऊ. शेती करतो आणि आमची काठी कधी टेकते याची वाट पाहतो.

अप्पा असंही म्हणाले की होत नसेल तर शिवरात्रीच्या आधी पंचांना सांग. तू नुसता हात लाव, दुसरा कोणी उचलील. मान आपल्याच घरात राहतो, त्यात लाज नाही. मी म्हणालो, अप्पा, मला काय म्हातारा समजून राहिलात का?

फोन ठेवून उठलो तर खुर्ची माझ्यासोबत उठली. लातूरच्या माझ्या डाळमिलमधल्या खुर्च्या फार अरुंद आहेत. बदलाव्या लागतील.

२४ नोव्हेंबर

शिवानीला नांदेडला हॉस्टेलवर सोडलं. स्टँडवरच्या स्टॉलवर घरच्या घरी व्यायामाची पुस्तिका मिळाली, मध्ये घडी घातलेला मोठा तक्ता फुकट. पोरगी म्हणाली, पप्पा, पुस्तक कोण घेतं आता, ॲप टाका. तिला समजावलं की पुस्तकाला चार्जिंग लागत नाही आणि रेंज जात नाही. वाचून माणूस मोठा होतो.

परतीच्या एसटीत अर्धं वाचून काढलं. फार शास्त्रशुद्ध आहे. वाचतानाच अंग हलकं वाटलं. अहमदपूरला भजे खाल्ले.

उद्यापासून.

२६ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

सुरुवात. पालथं झोपून हातावर उठायचं आहे. पालथं झोपल्यावर पुस्तिका दिसत नाही. पाहायला उठलो, तर पुस्तिका आपोआप मिटली. तिच्यावर तांब्या ठेवला, तर चित्रातला माणूस झाकला गेला. तिसऱ्या चित्रात तो उभा आहे आणि चौथ्यात आडवा. मधे काय झालं ते छापलेलंच नाही.

छपाईत दोष आहे. आज वाचनच केलं.

२ डिसेंबर

तक्ता हॉलमध्ये लावला. अंजूने विचारलं, देवाच्या फोटोशेजारी हा चड्डीवाला कोण? बायकोला फिटनेसमधलं काही कळत नाही. तरी घरात वाद नको म्हणून तक्ता मिलच्या ऑफिसात नेला. तिथे मोंढ्यातले धान्याचे व्यापारी येतात, त्यांच्यासमोर बरं दिसेना. म्हणून दाराच्या मागे लावला. दार उघडं असलं की दिसत नाही. दार दिवसभर उघडंच असतं, धंदा आहे.

कागदाचं एक मला फार आवडतं. तो विचारत नाही.

१९ डिसेंबर, येळवस

अमावास्येची शेतातली पूजा, गावाकडे सगळी भावकी. आंबील, भज्जी, उंडे, खीर. सणाला नाही म्हणणं म्हणजे लक्ष्मीचा अपमान, म्हणून जेवलो. पुन्हा जेवलो.

तेवढ्यात चंद्रप्पा आला आणि सगळ्यांसमोर माझ्या पोटावर थाप मारून म्हणाला, काय शेठ, यंदा तुम्ही काठी उचलणार का काठी तुम्हाला उचलणार? लई हसले लोक. भोकरच्या केवळाबाई आत्या तर पदर तोंडाला लावून हसल्या. अप्पा हसले नाहीत. ते माझ्याकडे पाहून राहिले. मला फार लागलं ते.

पुस्तक बंद. आता आधुनिक मार्ग. शिवानीला फोन केला.

२१ डिसेंबर

शिवानी आली. तिचा जुना फोन दिला, त्यात ॲप टाकलं. हा फोन फक्त व्यायामाचा. धंद्याचा माझा बटनवाला वेगळा. ॲपमध्ये एक वर्तुळ आहे. सकाळी राखाडी असतं. अंग हललं की हिरवं होत जातं. फोन खिशात ठेवायचा, तो सगळं मोजतो. व्यायाम शिकवणारी बाई मराठीत बोलते. वा! हेच पाहिजे होतं.

मग पोरीने सांगितलं की तिने ॲप भावकीच्या ग्रुपला जोडलंय. वर्तुळ पूर्ण झालं की ग्रुपवर टाळ्यांचा मेसेज जातो आणि राहिलं की राखाडीचा फोटो. आपोआप. मी विचारलं, हे कशाला? म्हणे, अकाउंटेबिलिटी. म्हणलं, काढ ते. म्हणाली, पप्पा, आता काढलं तर चंद्रप्पाकाका काय म्हणतील?

पोरगी माझ्यावर गेलीय. बरोबर जागी धरते.

२४ डिसेंबर

बाई म्हणते, श्वास घ्या. घेतला. म्हणते, आता सावकाश खाली जा. गेलो. मग जाहिरात लागली. बिर्याणीची. मी खालीच. जाहिरात संपेपर्यंत मांड्या थरथर कापून राहिल्या. बाई परत आली आणि म्हणाली, शाबास, आता वर या. वर कसं यायचं ते सांगत नाही ती. अंजूने उठवलं.

ग्रुपवर राखाडी गेलं. चंद्रप्पाने अंगठा दाखवला. केवळाबाई आत्याचा फोन, तब्येत बरी न्हाई का रे संगम?

२९ डिसेंबर

सलग राखाडी. घराबाहेर पडावंसं वाटत नाही. मोंढ्यात लोक नमस्काराआधी पोटाकडे पाहतात. पुस्तक काय वाईट होतं? तक्ता तर गरीब बिचारा दाराच्या मागे उभा राहायचा.

३० डिसेंबर, दुपार

चमत्कार!

मिलमध्ये तुरीची मोठी चाळणी बिघडली म्हणून पाहायला गेलो होतो. फोन चाळणीच्या चौकटीवर ठेवला आणि विसरलो. आमच्या गड्याने, व्यंकटीने, मशीन चालू केलं. चहा पिऊन आलो तर चाळणी गदगदा हलून राहिली आणि फोनमध्ये वर्तुळ हिरवंगार! ग्रुपवर टाळ्या. अप्पांना गावात कोणीतरी वाचून दाखवलं. त्यांचा लगेच फोन. आवाजच वेगळा होता. म्हणाले, वा रे माझ्या वाघा.

मी सांगणार होतो. पण वाघा म्हणल्यावर कसं सांगता?

३१ डिसेंबर

रात्रभर विचार केला. मिल माझी. चाळणी माझी. विजेचं बिल माझ्या नावावर येतं. म्हणजे ही जी हालचाल होते ती एका अर्थाने माझीच. शिवाय मला धोका असा काहीच नाही, कारण मी शरीर तयार करूनच राहिलो आहे, फक्त अजून सुरुवात व्हायची आहे. वर्तुळाने मनाला उभारी मिळते. मनाला उभारी आली की शरीर मागून येतं.

व्यंकटीला सांगितलं, हा फोन रोज इथे ठेवायचा, चार्जिंगची टेस्ट चालू आहे. तो म्हणाला, बरं मालक. त्याने दुसरं काही विचारलं नाही. कागदासारखा माणूस आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

रोज हिरवं. भावकीतल्या तीन जणांनी ॲप टाकलं, माझं पाहून. आत्या म्हणतात, संगम्या बारीक दिसून राहिला. त्यांनी मला येळवसपासून पाहिलेलं नाही.

तीळगुळाच्या पोळ्या, तूप. वर्तुळ हिरवं असल्यामुळे खायला हरकत नव्हती.

२५ जानेवारी

अप्पांनी त्यांचा कमरेचा चामडी पट्टा पाठवला. समोर बूड अडकवायची वाटी आहे. घामाने काळा पडलाय. सोबत निरोप, रोज संध्याकाळी पारावर तुझी टाळी वाचून घेतो, मग जेवतो.

पट्टा लावून पाहिला. दोन्ही टोकं एकमेकांपासून लांब राहिली. थंडीत चामडं आखडतं. खोबरेल लावून उन्हात ठेवला. अंजू म्हणाली, अहो, पट्टा उन्हात ठेवून काय होतंय, तुम्ही उन्हात चाला. मी पट्ट्याला अजून खोबरेल लावलं.

८ फेब्रुवारी, रविवार

आज गावाला गेलो. पंचांना सांगण्याचा शेवटचा रविवार. एसटीत वाक्य पाठ केलं. यंदा मी हात लावतो, उचलायला दुसरा बघा. एवढंच वाक्य. सरळ आहे. कोणी खाणार नव्हतं मला.

देवळात पंच बसले होते, अप्पा मधोमध, नवी टोपी. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात सगळ्यांच्या खिशात टिंग झालं. व्यंकटीने रविवारीही चाळणी चालू ठेवली होती. टाळ्या. पंच म्हणाले, माणूस इथं बसलाय, तरी सकाळीच सगळं करून आलाय! अप्पांचे डोळे भरून आले. माझं तोंड उघडं होतं, त्यात कोणीतरी पेढा घातला.

सगळ्यांनी ठरवलं की यंदा काठीच्या टोकाला कळसही जुना, पितळेचा लावायचा. जड आहे तो. मागची काही वर्षं अप्पांच्या गुडघ्यांमुळे हलका लावत होते.

येताना एसटीत तेच वाक्य म्हणून पाहिलं. अगदी बरोबर आलं. मी काय करून बसलो हे मला कळेना. कोणाला सांगू? अंजूला सांगितलं तर ती शिवानीला सांगणार, शिवानी रडणार.

१० फेब्रुवारी

आता युद्धपातळीवर. पुस्तक आणि ॲप दोन्ही एकदम. तक्ता दाराच्या मागून काढून जमिनीवर अंथरला, ॲप कानात. बाई म्हणाली, डावा पाय मागे. तक्त्यात उजवा पुढे. मी मधे अडकलो. कमरेत उसण भरली.

एक गोष्ट सिद्ध झाली. छापील आणि डिजिटल एकत्र करू नये.

१२ फेब्रुवारी

झोपून आहे. कमरेला शेक. वर्तुळ हिरवं.

१६ फेब्रुवारी, सोमवार, संध्याकाळ

लिहून टाकतो.

सकाळी धोतर नेसलो. धोतराला खिसा नसतो, म्हणून व्यायामाचा फोन मिलमध्येच ठेवायला सांगितला. इतके दिवसांचं हिरवं मोडायला नको. हंगाम आहे, मिल चालूच होती.

देवळासमोर गाव जमलं. अप्पांनी स्वतःच्या हाताने पट्टा बांधायला घेतला. पुरेना. पाठीमागे कोणीतरी हसलं. अप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, पट्ट्याच्या दोन टोकांना बांधलं, गाठ मारली. ते गाठ ओढून पाहत होते आणि मी वर बघत होतो, देवळाच्या कळसाकडे.

काठी चौघांनी उभी करून वाटीत ठेवली आणि सोडली. हलगी सुरू झाली. मी चाललो. खरंच चाललो, वाटेतल्या कडुलिंबापर्यंत. वाटलं, होतंय की! मग कळस डावीकडे झुकला, मी उजवीकडे ओढलं, मांड्या त्या बिर्याणीच्या जाहिरातीवेळसारख्या कापू लागल्या आणि उपरण्याची गाठ सुटली. बूड टेकलं. मीही टेकलो. बसलोच धुळीत.

हलगी थांबली. आणि त्या शांततेत सगळ्या भावकीच्या खिशात एकदम टिंग झालं.

चंद्रप्पाने फोन काढला आणि मोठ्याने वाचलं. अभिनंदन! संगमेश्वर यांनी आजचं वर्तुळ पूर्ण केलं. असेच चालत राहा!

लोकांनी मेसेजकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत्यांनी विचारलं, संगम, तुझा फोन कुठं हाय? मी धोतराची धूळ झटकू लागलो. अंजूने सांगून टाकलं, मिलमध्ये, चाळणीवर. तिला केव्हापासून माहीत होतं देवास ठाऊक.

हसण्याचा आवाज वेशीपर्यंत गेला असेल. मी नाही गेलो. काठी चंद्रप्पाने उचलली आणि तो गेला. जाताना हसला नाही, हे त्याचं मी मान्य करतो. अप्पांनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि घरी गेले.

१७ फेब्रुवारी

सकाळी अप्पा पहिल्या एसटीने लातूरला आले. न सांगता. सरळ मिलमध्ये. म्हणाले, दाखव.

चाळणी दाखवली. चालू होती, फोन वरच होता. अप्पा बराच वेळ तिच्यावर हात ठेवून उभे राहिले. हातही हलून राहिला त्यांचा. म्हणाले, लई चांगली चालते. जत्रेला हिलाच आणायचं होतंस.

मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, हात लावतो म्हणून सांगायचं होतं रे. मी काय मारलं असतं का तुला?

मी म्हणालो, न्हाई अप्पा.

चहा नको म्हणाले. रिक्षाही नको म्हणाले. गुडघ्यावर हात ठेवत स्टँडकडे चालत निघाले. मी सोबत निघालो. फोन चाळणीवरच राहिला. वाटेत मला दोनदा दम लागला, म्हणून अप्पा दोनदा थांबले.