रिपोर्टसाठी पोळी

मंगळवार, संध्याकाळ

मुक्ताचा सेलियाकचा, म्हणजे गहू न सोसण्याच्या आजाराचा, रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टरांनी विचारलं, "गेहूँ बंद तो नहीं किया था?" मी तोऱ्यात सांगितलं, दोन महिने फक्त भाकरीच देतेय, पोटदुखी थांबलीय. म्हणाले, मग हा रिपोर्ट धरता येणार नाही. गहू खाण्यात असेल तरच रक्तात कळतं. आता काही आठवडे रोज पोळी द्या, मग पुन्हा तपासू.

टाउनशिपच्या दवाखान्यात चार वर्षं नुसत्या जंताच्या गोळ्या! आणि मला तरी कुणी सांगितलं होतं डॉक्टरकी करायला?

आत्ता पोळी वाढली. शरबती गव्हाची, मऊसूत. नऊ वर्षांची पोर ताटाकडे बघत म्हणाली, "आई, म्हणजे आता माझं पोट दुखायला हवंय तुला?"

मी पोळीवर तूप वाढलं.