दोघांची एक वकील

दि. ३ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली आणि दुसऱ्याच दिवशी तू गच्चीवर गाद्या उन्हात घालायला गेलीस, हे आईनं कळवलं. तुझ्यापुढे कोण बोलणार!

माझी बातमी अशी की, कोर्टानं मला पहिल्यांदाच दोन भावंडांची वकील नेमलंय. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सहाचा. आईबाप वेगळे झालेत. बाप वीजमिस्त्री, त्याला लांबच्या शहरात नोकरी लागलीय आणि मुलं बरोबर न्यायचीत. आईचं इथं झेरॉक्सचं दुकान आहे, ती मुलांना सोडायला तयार नाही. बापाला वाटतं मी आईची माणूस, आईला वाटतं मी बापाची. धाकट्यानं तर मी दातांची डॉक्टर नाही ना, याची आधी खात्री करून घेतली.

पण काम सोपं निघालं. धाकटा ताईचा फ्रॉक सोडेना, म्हणून दोघांना एकत्रच बसवलं. थोरली भलती समजूतदार. आम्हां दोघांना बाबांकडेच राहायचंय, असं तिनं स्वच्छ सांगितलं आणि धाकट्यानं मान हलवली. तसा अहवाल मी कालच दिला. वीस तारखेला सुनावणी आहे. न्यायाधीशबाई मुलांच्या म्हणण्याला फार मान देतात, त्यामुळे त्याच दिवशी निकाल लागेलसं दिसतं.

गुडघ्याला जप आणि माझ्यावरचा लोभ तेवढा कुरकुरू देऊ नकोस.

तुझी,
ठमी

दि. ८ मार्च

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि हातातला चहा गार झाला. बाई गं, दोघांना एकत्र बसवलंस? निवृत्त होईपर्यंत मी हेच काम केलं आणि तुला पहिल्या दिवसापासून हेच घोकून घेतलं, की भावंडांना एका खोलीत विचारायचं नाही. थोरलं दोघांच्या वतीनं बोलतं आणि धाकटं त्याच्या तोंडाकडे बघून मान हलवतं. तो पोरगा तेव्हा तुझ्याकडे बघत होता की बहिणीकडे, ते आठव.

आता कागद-पेन ठेव आणि आधी त्यांना जाऊन भेट. वेगवेगळं, आणि शाळेत, म्हणजे आईबापांपैकी कुणी दाराबाहेर उभं नसेल. दोघांची म्हणणी निराळी निघाली तर दोघांची एक वकील म्हणून तुला राहता येणार नाही, हेही ध्यानात असू दे. एकासाठी बोललीस की दुसऱ्याच्या विरुद्ध बोलशील.

रागावलेय खरी, पण ती मायेपोटीच, हे तुला ठाऊक आहे.

कान उपटायला हक्काची,
मावशी

दि. १३ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा मला इतका राग आला की ते फाडणारच होते. मग शाळेत गेले.

चित्रकलेच्या वर्गात धाकटा बाकावरचा वाळलेला डिंक नखानं खरवडत बसला होता. खरवडता खरवडताच म्हणाला की, त्याला आईकडे राहायचंय. पण तसं बोलायचं नाही असं ताईनं बजावलंय. ताई बाबांबरोबर जाणारच आहे, आणि तो आई म्हणाला तर त्याला ताई मिळणार नाही. हे न्यायाधीशबाईंना सांगावं लागेल, असं मी त्याला समजावलं, तेव्हा त्यानं आधी दाराकडे बघितलं आणि मगच हो म्हटलं.

थोरलीला नंतर भेटले. नव्या गावात बाबांचं कुणीच नाही, ते एकटे कसे राहतील, म्हणून ती जाणार. आणि धाकट्याला तिच्याशिवाय झोप लागत नाही, म्हणून तोही येणार. सगळा हिशोब पक्का. तुला स्वतःला काय हवंय, असं विचारलं तर म्हणाली, हे विचारायची गरज नाही, आणि तासाला जाऊ का म्हणून उठलीच.

मावशी, माझ्या अहवालावर तो पोरगा आईपासून तुटेल. निदान त्याची तरी वकील राहू का गं? तो माझ्यापाशीच बोललाय. लवकर लिही.

तुझी घाबरलेली,
ठमी

दि. १६ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

नाही, त्याचीही नाही. तू दोघांच्या मनातलं ऐकलंयस. एकाची राहिलीस तर दुसऱ्याचं त्याच्याविरुद्ध वापरशील, इच्छा असो वा नसो. भर कोर्टात उभी राहा, अहवाल चुकलाय असं स्वतःच्या तोंडानं सांग आणि दोघांना वेगळे वकील माग. सगळे तुला धारेवर धरतील. धरू देत.

आणि मुलांना हे तू स्वतः सांग. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ती पुन्हा कुठल्याच वकिलावर विश्वास ठेवायची नाहीत.

पाठीशी आहेच, गुडघे नसले तरी.

तुझी,
मावशी

दि. २२ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

उभी राहिले. बापाचा वकील म्हणाला की, मला आईनं फितवलंय. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून विचारलं की, मुलांना वेगवेगळं भेटायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं का. शिकवलं होतं, असं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, लाज वाटली. त्यांनी मला मोकळं केलं, दोन नवे वकील नेमले आणि निकाल पुढे ढकलला. तोवर मुलं इथंच राहतील. बाप बाहेर पडताना माझ्याकडे बघत होता. तो वाईट माणूस नाही गं, नुसता घाबरलेला आहे.

काल शाळेत जाऊन मुलांना सांगितलं. धाकट्यानं नवीन वकील दातांची डॉक्टर तर नाही ना, एवढंच विचारलं आणि खेळायला पळाला. थोरली मात्र बसून राहिली. तिची वकील आता वेगळी, म्हणजे तिनं त्या बाईंना फक्त स्वतःचं सांगायचं का, असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं. भावाचं तिनं बघायचं नाही का? नाही म्हटलं. आणि बाबांचं? तेही नाही, त्यांना त्यांचा वकील आहे, असं मी म्हटलं.

मग तिनं अगदी हळू विचारलं की, आईकडे राहायचंय असं सांगितलं तर चालेल का. आणि रडायला लागली, मावशी, हुंदके देऊन, अकरा वर्षांची पोरगी. मी तिला जवळ घेतलं. चालेल म्हटलं, पण हे तू तुझ्या वकिलांना सांग, मी आता तुझी नाही.

लोभ असू दे. आज तो फार लागणार आहे.

तुझी,
ठमी