वहिनींच्या हातच्या कण्या

सावरगावचे हेमराजभाऊ यांना नमस्कार.

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांत होणाऱ्या दगडफेकीत, गोटमारीत, तुमच्या काठावरच्या दगडाने माझा भाऊ गेला, तेव्हापासून आमच्या घरातून कोणी जाम नदी ओलांडली नाही. तुमची बहीणही नाही.

पंचफुलाला आता कोणाची ओळख राहिली नाही. मला, तिच्या नवऱ्यालाच म्हणते, "पाहुणे, तुम्ही जेवून घ्या. मी माह्या मायच्या हातच्या कण्या खाईन." भाकर दिली की थुंकून टाकते. नुसत्या चहावर जगून राहिली. डॉक्टर म्हणतात, मागेल ते द्या.

मी अंबाडी घालून ज्वारीच्या कण्या शिजवल्या. तिने जीभ लावली आणि ताटली सरकवली. "हे आमच्या घरचं नाही."

खरेच आहे. ती रांधायला माझ्या आईच्या हाताखाली शिकली. आईची चव लेकीबरोबर जात नाही भाऊ, ती सुनेकडे राहते. माझ्या आईची चव पंचफुलाच्या हातात होती, ती तिच्या आठवणींबरोबर गेली. तुमच्या आईची चव वहिनींच्या हातात असेल.

हे पत्र खिशात घालून दोनदा पुलापर्यंत आलो आणि तसाच परतलो. भीती वाटते, तुम्ही न वाचताच फाडाल.

वैर हवे तर तसेच राहू द्या. मी दारात येणार नाही, पुलावर उभा राहीन. वहिनींना वाटीभर कण्या रांधायला सांगा आणि लवकर निरोप द्या. अजून तिला गिळता येते.

आपला,
भैय्याजी, पांढुर्णा